जिना धरलेला नाही

माझा आकडा वाचून झाला आणि खोलीत कुणीतरी हलकीशी शिट्टी मारली. सहा कंत्राटदार, सहा लिफाफे. कारकून एकेक लिफाफा फोडून रक्कम मोठ्यानं वाचत होता आणि टेंडर काढणाऱ्या कार्यालयाच्या इंजिनिअर मॅडम फळ्यावर लिहीत होत्या. एक कोटी सत्त्याण्णव. एक कोटी पंच्याण्णव. दोन कोटी एक. एक कोटी शहाण्णव. दोन कोटी तीन. आणि शेवटी माझा, एक कोटी चौऱ्याऐंशी. सगळ्यांत कमी, म्हणजे तीन मजली दवाखान्याचं काम माझं. पन्नास हजारांनी खाली आलो असतो तर मी बाहेर येऊन पहिला फोन बायकोला केला असता. पण अकरा लाखांनी? धंद्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला अकरा लाखांचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. सिमेंट सगळ्यांना एकाच भावानं मिळतं, सळई एकाच भावानं मिळते, गवंडी सगळ्यांकडे सारखीच मजुरी मागतो. एकाच इमारतीवर पाचजण दोन कोटींच्या आसपास येतात आणि सहावा अकरा लाखांनी खाली जातो, तेव्हा तो सहावा हुशार नसतो. त्याचं काहीतरी हिशेबात धरायचं राहिलेलं असतं.

“अभिनंदन हो!” शिट्टी मारणारा माझा हात धरून म्हणाला. त्याला सगळे शिट्टीच म्हणतात, पंधरा वर्षं माझ्यासमोर टेंडरं भरतोय. “काय, सिमेंट फुकट मिळतं वाटतं तुम्हाला?” सगळे हसले. मीही हसलो. ही माझी जुनी खोड. कुणी माझ्या खिशात हात घातला तरी आधी मी हसतो. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला एक छापील कागद दिला आणि म्हणाल्या, “चार वाजेपर्यंत लेखी द्या. कामाची सगळी कलमं तुमच्या रकमेत धरलेली आहेत, असं. तसं नसेल तर माघारीचं पत्र द्या. मग अनामत जाते, तुम्हाला माहीत आहेच.” मला माहीत होतं. अनामत पावणेचार लाख. घड्याळात बारा वाजायचे होते.

व्हरांड्यात बाक होता, त्यावर जाऊन बसलो. मांडीवर बॅग, बॅगेत अंदाजपत्रकाची प्रत. ती उघडायचं धाडस होईना. मी डोळे मिटले आणि त्या न बांधलेल्या दवाखान्यात शिरलो. हे बाबांनी शिकवलेलं. बाबा म्हणायचे, कागदावर बेरीज तपासू नकोस, इमारतीतून चालून ये, ज्या वस्तूला हात लागेल ती धरली का ते बघ. तर मी चाललो. पाया धरला होता. खांब, तुळया, स्लॅब धरले होते. दारातला उतार चाकाच्या खुर्चीसाठी, तोसुद्धा धरला होता, त्याच्या खरखरीत फरशीसकट. तळमजल्यावर रोग्यांना बसायची जागा, औषधाची खिडकी, दोन संडास, त्यातला एक अपंगांसाठी रुंद दाराचा. सगळं आठवत होतं, दरासकट. मग लिफ्ट. लिफ्टच्या कंपनीचं दरपत्रक टपालानं आलं होतं, ते मी अंदाजपत्रकाला टाचलंच होतं. लिफ्टनं वर गेलो. पहिल्या मजल्यावर बारा खाटांची खोली, नर्सची खोली, खिडक्यांना जाळ्या. परत लिफ्ट. दुसऱ्यावर ऑपरेशनची खोली, तिच्या भिंतींना छतापर्यंत टाइल. गच्ची, पाण्याची टाकी, गळती थांबवणारा थर. सगळं जागच्या जागी होतं. अकरा लाख कुठंच पडलेले दिसेनात. डोळे उघडले तर समोरच्या भिंतीवर ओल आली होती आणि मी सवयीनं तिच्या दुरुस्तीचा खर्च काढत होतो.

ताई असती तर हे झालं नसतं, हा विचार मी सकाळपासून तीनदा दाराबाहेर काढला होता आणि तो तीनदा परत येऊन बसला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. सव्वीस वर्षं आमच्या फर्मची सगळी मोजमापं तिनं काढली. मी साइटवर उन्हात उभा राहायचो, लोक मला साहेब म्हणायचे, आणि मागच्या खोलीत ताई पेन्सिल तासत बसलेली असायची. आमच्या पाटीवर बाबांचं नाव आहे आणि पुढे ‘आणि मुलगा’. पाटी रंगवली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि मला दोन विटा नीट रचता येत नव्हत्या. ताई सोळाची होती आणि बाबांच्या वहीतल्या चुका काढत होती. पाटी रंगवणाऱ्यानं विचारलं होतं, मुलगा एकच का? बाबा म्हणाले, एकच. ते खरंही होतं, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. मला तर मुळीच वाटलं नाही. मी पाटीकडे बघत बसलो होतो, अक्षरं किती मोठी आहेत ते.

तीन महिन्यांपूर्वी ती फर्म सोडून गेली. निमित्त दंतवैद्याच्या बंगल्याचं. दंतवैद्य बोलायला गोड. रोज संध्याकाळी साइटवर यायचा, माझ्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, ही खिडकी जरा पलीकडे घेऊ या का? मी म्हणायचो, घेऊ की. वर एक न्हाणीघर वाढवू या का? वाढवू की. आधी बांधलेली भिंत दोनदा पाडली. ताई दर वेळी म्हणायची, “बारक्या, लेखी घे.” एक्कावन्न वर्षांचा झालो तरी मी तिचा बारक्याच. तिनं त्यासाठी पत्रकांचं एक पुस्तक छापून घेतलं होतं, गुलाबी कागदाचं, पन्नास पानी. वर मथळा ‘बदलपत्रक’ आणि खाली रकाने: मूळ काम, बदल, कारण, रक्कम, कधीपासून, सही. रोज सकाळी ती ते पुस्तक माझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात सारायची. मी ते कधी बाहेर काढलं नाही. समोरचा माणूस खांद्यावर हात ठेवून बोलतोय आणि आपण त्याच्या नाकासमोर छापील कागद धरायचा? माझी जीभच रेटायची नाही. मी म्हणायचो, आपल्यात कागद कशाला! शेवटी वाढीव कामाचं सात लाखांचं बिल दिलं, तेव्हा दंतवैद्य तितक्याच गोड आवाजात म्हणाला, “देतो ना. कागद दाखवा.” त्या दिवशी मी साइटवरून चालत घरी आलो. पाच मैल चाललो आणि वाटेत एकदाही डोळे वर केले नाहीत.

ते सात लाख बुडाले आणि सगळं गळ्याशी आलं. आमच्या धंद्यात पैसा असतो, पण आपला नसतो. या कामाची आगाऊ रक्कम त्या कामाच्या सिमेंटला, त्या कामाचं बिल पुढच्याच्या मजुरीला, याची टोपी त्याला घालत माणूस वर्षानुवर्षं चालतो आणि बाहेरून अगदी ठीक दिसतो. फक्त टोप्या कमी पडता कामा नयेत. आता खडीवाल्याचे बारा लाख थकले होते आणि त्यानं पंधरा दिवसांची मुदत दिली होती. दवाखान्याचं काम मिळालं की अठरा लाख आगाऊ मिळणार, त्यातून त्याला गप्प करायचं, असा माझा बेत होता. बेत म्हणजे काय, तेवढाच एक उरला होता. तर दंतवैद्याचं झालं त्या संध्याकाळी ताईनं मला मागच्या खोलीत बोलावलं आणि दार लावलं. मला वाटलं बोलणी खावी लागणार. ती शांतपणे म्हणाली, “बारक्या, मला भागीदार करून घे. कागदावर. सव्वीस वर्षं झाली, मी या फर्मची कुणीच नाही.” आणि मी काय म्हणालो? मी हसलो, आणि म्हणालो, “अगं ताई, आपल्यात कागद कशाला!” तिनं पेन्सिली गोळा केल्या, डब्यात भरल्या, डब्याचं झाकण लावलं. दुसऱ्या दिवसापासून ती भावोजींच्या चष्म्याच्या दुकानात बसायला लागली. मी मनात म्हटलं, राग आहे, जाईल. आठ दिवसांनी म्हटलं, जाईल. मग म्हणायचं सोडून दिलं.

“अजून इथंच?” शिट्टी दोन कप चहा घेऊन आला होता. एक माझ्या हातात देऊन शेजारी बसला. “काय सुटलं, सापडलं?” मी नाही म्हटलं. खोटं बोलायची ताकद नव्हती. तो हळू आवाजात म्हणाला, “मग सापडवू नका. सही ठोका, आगाऊ घ्या. दवाखाना आहे, डॉक्टर लोकांची दहा वेळा मतं बदलणार. सॉकेट हलवलं की लावा बिल, दार उलटं केलं की लावा बिल. सगळे बदलांतच कमावतात हो, टेंडरात कोण कमावतो?” तो मनापासून सांगत होता, वाईट माणूस नाही तो. आणि हिशेब बरोबर होता. या कामात माझा नफा नऊ लाखांचा धरलेला. सुटलंय ते दहा-अकराच्या घरात, म्हणजे वर्षभर फुकट राबून वर लाख-दोन लाख पदरचे. बदलांत काढले तर निघतील. पण काढणार कोण? मी? उद्या एखादा डॉक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणेल, ही भिंत जरा मागे घेऊ या का, आणि मी म्हणेन, घेऊ की. मला माझा आवाज आत्ताच ऐकू येत होता. दुसऱ्याकडे आपल्या हक्काचं मागायचं म्हटलं की माझ्या अंगाला घाम सुटतो, हे मी एक्कावन्नाव्या वर्षी एका बाकावर, हातात थंड होणारा चहा धरून, स्वतःशी कबूल केलं. लोक त्याला भिडस्तपणा म्हणतात आणि कौतुक करतात. अरे, कसलं कौतुक! भित्रेपणा तो. त्याची किंमत आजवर ताईनं भरली, मुकादमानं भरली, गेल्या महिन्यात दोन शनिवार उशिरा पगार झालेल्या बावीस माणसांनी भरली.

दीड वाजला होता. रिकामा कप परत करायला म्हणून मी उठलो. चहाचं दुकान खाली होतं, दोन मजले उतरायचे होते. उतरताना मी पायऱ्या मोजतो. मुद्दाम नाही, लहानपणापासून आपोआप मोजल्या जातात. एक, दोन, तीन. जुन्या पायऱ्या, मधोमध झिजलेल्या, लाकडी कठडा हातांनी गुळगुळीत झालेला. सात, आठ. कठडा कुणीतरी चांगला केलाय, असं मनात आलं. नऊ, दहा. अकराव्या पायरीवर माझा पाय थांबला तो थांबलाच. मागून उतरणारा माणूस माझ्यावर आदळला, काहीतरी पुटपुटला आणि बाजूनं गेला. मी दवाखान्याच्या तिन्ही मजल्यांवर फिरून आलो होतो, प्रत्येक दाराला हात लावला होता, पण वर गेलो होतो लिफ्टनं. जिन्यावर माझा पाय पडलाच नव्हता. जिनाच नव्हता. तिरके स्लॅब, पायऱ्या, मधले चौक, दगडी फरशी, कठडा, जिन्याच्या भोवतीच्या भिंती, गच्चीवर जिन्यावरचं छप्पर, यातलं काही काही मी धरलं नव्हतं.

मी तिथेच पायरीवर बसलो. लोक वळसा घालून जात होते. कसं सुटलं तेही लगेच कळलं, आणि मला हसू आलं, पण ते नेहमीचं हसू नव्हतं. आमच्याकडे जिना मजल्यांच्या कागदात कधी धरलाच जात नाही. बाबांचा नियम: तळमजल्याचा एक कागद, पहिल्याचा एक, दुसऱ्याचा एक, आणि जिना कुठल्याच मजल्याचा नसतो म्हणून त्याचा वेगळा, पिवळा कागद, सगळ्यात शेवटी. बाबांनी ताईला मोजमाप शिकवलं तेच मुळी जिन्यावर. ज्याला जिना मोजता आला त्याला सगळं आलं, असं म्हणायचे. तेव्हापासून पिवळा कागद तिचा. ती तो शेवटच्या दिवशी आणून माझ्या गठ्ठ्यावर ठेवायची आणि मी बेरीज करायचो. या वेळी मी सगळे कागद स्वतः केले, चार आठवडे मान मोडून केले, गठ्ठा केला, बेरीज केली. पिवळा कागद कुणी आणून ठेवला नाही आणि तो आला नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही. सव्वीस वर्षांत मी त्या कागदाची वाट कधी पाहिलीच नव्हती. तो यायचाच.

फोन काढला. ताईचं नाव शोधून लावला.

“बोल,” ताई म्हणाली. मागे कुणीतरी बारीक अक्षरांचा तक्ता मोठ्यानं वाचत होतं.

“ताई, मी.”

“नाव दिसतंय ना. बोल.”

“दवाखान्याचं टेंडर उघडलं आज.”

“ठाऊक आहे. किती खाली आलास?”

“अकरा.”

तक्ता वाचणारा एका ओळीवर अडला आणि परत पहिल्यापासून वाचायला लागला. “जिना,” ताई म्हणाली. तिनं विचारलं नाही, सांगितलंच.

“हो.”

“थांब.” खण ओढल्याचा आवाज आला, कागद उलगडल्याचा. “नऊ लाख ऐंशी हजार. कठड्यासकट. मधला चौक स्ट्रेचर वळेल एवढा हवाय त्यांना, नकाशात बारीक लिहिलंय, ते तू वाचलं नसशील.”

“हे तू कधी काढलंस?”

“नोटीस पेपरात आली त्याच आठवड्यात. नकाशे पैसे भरले की कुणालाही मिळतात.”

“अगं, मग मला दिला का नाहीस?”

“मागितलास का?”

त्या पायरीवर मला रडू आलं. सरळ आलं, गळ्यात अडकलं वगैरे नाही, आलं आणि बाहेर पडलं. सव्वा महिना तो पिवळा कागद चष्म्याच्या दुकानातल्या खणात, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर, माझी वाट बघत पडला होता. ताईनं मला रडू दिलं. गिऱ्हाइकाला “तुम्हाला लांबचा नंबर आहे” असं सांगून झाल्यावर म्हणाली, “झालं? आता ऐक. माघार घे.”

“अनामत जाईल. पावणेचार लाख.”

“जाऊ दे. दुसरा मिक्सर वर्षभर ताडपत्रीखाली पडलाय, तो विक. मुकादमाला सांग, तो आठ दिवसांत गिऱ्हाईक आणेल.”

“आणि खडीवाला?”

“त्याच्याशी मी बोलते. शनिवारी एक लाख, बारा शनिवार. शाळेच्या कुंपणाचं काम चालू आहे, त्याचं बिल दर आठवड्याला येतं, त्यातून जाईल. हात आखडून राहावं लागेल, पण जाईल. तुला तो तोंडावर हो म्हणतो आणि ट्रक थांबवतो. मला नाही म्हणायचं तर तो नाही म्हणतो, ते बरं पडतं.”

“म्हणजे तू येतेस?”

“असं कुठं म्हटलं मी?”

तक्ता वाचणं थांबलं होतं. दुकानात आता ती एकटीच असावी. माझ्या तळहाताला घाम सुटला, अंगाला सुटला, सगळं नेहमीसारखं झालं, तरी मी म्हणालो, “ताई, परत ये. मला तुझ्याशिवाय जमत नाही. मी मागतोय.”

“लेखी दे,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी वर गेलो. मॅडम डबा खात होत्या, त्यांनी झाकण लावलं आणि मी तिथंच उभ्याउभ्या माघारीचं पत्र लिहिलं. कारणाच्या जागी लिहिलं, ‘जिना धरलेला नाही.’ त्यांनी ते वाचलं. “तिन्ही मजल्यांचा?”

“तिन्ही.”

“असं लिहून देणारे कमी,” त्या शिक्का मारत म्हणाल्या. “बाकीचे सही करतात आणि सहा महिन्यांनी इथं येऊन माझं डोकं खातात.” पावणेचार लाख गेले. शिक्क्याचा आवाज काही फार मोठा झाला नाही. बाहेर शिट्टीला बातमी कळली होती, तो माझ्याकडे बघून मान हलवत होता, पण शिट्टी मारली नाही त्यानं.

बाकावर बसून मी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात हात घातला. गुलाबी पुस्तक तिथंच होतं. पन्नासातली पन्नास पानं शिल्लक. पहिलं पान उलगडलं. मूळ काम: फर्म, बाबा आणि मुलगा. बदल: ताईला भागीदार करून घेणे, पाटी बदलणे. कारण, या रकान्यावर बराच वेळ अडलो, मग लिहिलं: काम तीच करत होती. रक्कम: निम्मा हिस्सा. लिहिलं आणि मला माझाच अभिमान वाटला, का खोटं बोलू? निम्मा! सही केली, फोटो काढला, पाठवला. वाटलं, आता तिला भरून येईल.

पाच मिनिटांत फोन आला. “अक्षर अजून तसंच गिचमिड आहे,” ताई म्हणाली. “आणि हे कमी आहे.”

“कमी? अगं, निम्म्याच्या वर काय देऊ?”

“एक रकाना रिकामा सोडलायस. काय सुटलंय ते बघ आणि परत मोज.” तिनं फोन ठेवला.

मी पान बघितलं. रक्कम आणि सही यांच्या मधला रकाना कोरा होता. कधीपासून. आजची तारीख घालावी म्हणून पेन टेकवलं आणि उचललं. डोळे मिटले. बाबांनी सांगितलं तसा खालपासून चाललो. पाण्याच्या टाकीचं काम, तिचा पहिला पिवळा कागद, तेव्हा मला मिसरूडही धड फुटली नव्हती असं वाटतं, पण मी पंचवीसचा होतो, सगळं मला कळत होतं. मग शाळा, गोदाम, बसस्थानक, दंतवैद्य. प्रत्येक कामाच्या बेरजेत ती होती आणि मी तिला कुठल्याच कागदात धरलं नव्हतं. त्या तारखेपासून तिच्या न दिलेल्या हिश्श्याचा हिशेब मांडला, तर मिक्सर, ट्रक, ऑफिस, बहुतेक सगळं तिचंच निघणार होतं. सकाळच्या अकरा लाखांहून हा आकडा मोठा होता.

टाकीच्या कामाची तारीख मला पाठ होती. ती मी रकान्यात लिहिली, सव्वीस वर्षांपूर्वीची, दिवस, महिना, साल, आणि शेजारी परत एकदा सही केली. या वेळी फोटो काढला नाही. पान फाडून वरच्या खिशात ठेवलं आणि चष्म्याचं दुकान बंद व्हायच्या आत पोचावं म्हणून जिन्याकडे निघालो.